मोहर, सही आणि सरहद्द

आमच्या कोकणात ज्या घरातला कोणीच आखातात गेलेला नाही, असे घर विरळाच. जो जातो त्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी असते आणि कागदांची एक फाईल असते. बरणी वाटेत फुटली तर आई हळहळते. फाईल हरवली तर सारे घर बसून जाते. त्या फाईलमध्ये असते तरी काय? शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचे किंवा पदवीचे प्रमाणपत्र, जन्मदाखला, लग्न झाले असेल तर निकाहाचा कागद. या कागदांच्या पाठीमागच्या बाजूला एकावर एक शिक्के बसलेले असतात. किती तरी वेळा पुढचा मजकूर चार ओळींचा असतो आणि मागे मोहरांची दाटी असते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याच शाळांतून निघालेले दाखले पुढे रियाध, मस्कत, दोहा असा प्रवास करतात. म्हणून आम्हांला नेहमी एक प्रश्न पडत आला आहे. आमच्या मुख्याध्यापकांची सही तालुक्याला चालते, जिल्ह्याला चालते, मुंबईलाही चालते. मग समुद्र ओलांडला की तीच सही मुकी का होते? आणि तिला परक्या मुलखात बोलते कोणी केले? या प्रश्नाचा इतिहास फार जुना आहे, आणि तो केवळ युरोपचा नाही, हे वाचकांसमोर मांडावे असे वाटले.

आरंभ आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. सहीह बुखारीत नोंद आहे की, हुजूर (स.) यांनी रूमच्या लोकांना पत्र पाठवण्याचे योजले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की ते लोक मोहर नसलेले पत्र वाचत नाहीत. तेव्हा त्यांनी चांदीची अंगठी करवून घेतली आणि तिच्यावर ‘मुहम्मद रसूलुल्लाह’ ही अक्षरे कोरवली. ही घटना आपण सीरतच्या पुस्तकांत वाचतो आणि पुढे जातो. पण तिच्यात एक व्यवहाराची बाब दडलेली आहे. मदिनेत त्या शब्दाला मोहरेची गरज नव्हती. तिथे शब्दच पुरेसा होता. मोहरेची गरज सरहद्दीपलीकडच्या माणसाला होती, कारण त्याला लिहिणारा ठाऊक नव्हता. म्हणजे कागदावरची मोहर ही लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी नसते, वाचणाऱ्याच्या खात्रीसाठी असते. ती अंगठी पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत अरीस नावाच्या विहिरीत पडली आणि शोधूनही सापडली नाही. मोहर हरवू शकते, ती चोरीला जाऊ शकते, तिची नक्कल होऊ शकते. मग केवळ मोहर पाहून विश्वास ठेवावा का?

हा प्रश्न फिकहच्या विद्वानांनी नेटाने हाताळला. इस्लामी न्यायव्यवस्थेच्या ग्रंथांत ‘किताबुल काझी इलल काझी’ म्हणजे एका काझीने दुसऱ्या काझीला लिहिलेले पत्र, असे स्वतंत्र प्रकरणच असते. नवव्या शतकातल्या अल्-खस्साफ यांच्या ‘अदबुल काझी’ या ग्रंथात हा विषय आहे. ११९७ साली निधन पावलेल्या मर्गीनानींच्या ‘हिदाया’तही आहे. याच हिदायाचे चार्ल्स हॅमिल्टनने केलेले इंग्रजी भाषांतर १७९१ साली प्रसिद्ध झाले आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत ते वापरले गेले.

गोष्ट अशी समजावी. एकाने दुसऱ्याला कर्ज दिले. कर्ज घेणारा बसऱ्याला राहतो, पण व्यवहाराचे साक्षीदार कूफ्यात आहेत. सगळ्या साक्षीदारांना बसऱ्याला नेणे शक्य नाही. मग कूफ्याचा काझी साक्षी ऐकून घेई आणि बसऱ्याच्या काझीला पत्र लिही. पण बसऱ्याच्या काझीने हे पत्र खरे कसे मानावे? अक्षर अक्षरासारखे असू शकते, ही शंका शास्त्रकारांनी आधीच घेतली होती. म्हणून हनफी नियम असा होता, की पत्र दोन साक्षीदारांना वाचून दाखवावे, त्यांच्यासमोर त्यावर मोहर करावी आणि ते त्यांच्या हाती द्यावे. साक्षीदारांनी दुसऱ्या काझीपुढे जाऊन सांगावे, की हे अमुक काझीचे पत्र आहे, त्याने ते आम्हांला त्याच्या न्यायालयात वाचून दाखवले आणि मोहर लावून दिले. प्रतिवादी हजर असल्याशिवाय ते पत्र स्वीकारायचे नाही. पत्र पोहोचण्याआधी लिहिणारा काझी मरण पावला किंवा पदावरून दूर झाला, तर पत्र निकामी. आणि ज्या खटल्यात हद्द किंवा किसासची शिक्षा आहे, तिथे असे पत्र मुळीच चालायचे नाही. माणसाच्या जिवाचा निकाल दुरून आलेल्या कागदावर करायचा नाही, एवढी खबरदारी त्यांनी घेतली होती.

ही काटेकोर पद्धत पहिल्यापासून नव्हती. बुखारीतच नोंद आहे, की काझीच्या पत्राला पुरावा मागणारे पहिले न्यायाधीश इब्न अबी लैला आणि सव्वार बिन अब्दुल्लाह हे होते. म्हणजे त्याआधी काझीचा कागद विश्वासावर चालत असे. मुलूख वाढला, शहरे वाढली, काझी एकमेकांना ओळखेनासे झाले आणि पुरावा मागण्याची वेळ आली. पुढे इमाम अबू यूसुफ यांनी या अटी सैल केल्या. हे अबू यूसुफ म्हणजे हारून रशीदच्या काळातले मुख्य काझी. त्यांचे निधन ७९८ साली झाले. हे पत्र त्या काझीचे आहे आणि ही मोहर त्याची आहे, एवढी साक्ष त्यांना पुरेशी वाटली. हिदायाकार याचे कारण मोठे मार्मिक देतात : अबू यूसुफ स्वतः काझीच्या गादीवर बसले तेव्हा त्यांना लोकांची अडचण डोळ्यांनी दिसली. नियम करणारा खिडकीच्या आत असतो आणि माणूस बाहेर रांगेत उभा असतो. आतल्याने एकदा बाहेर पाहिले की नियम सैल होतो. ज्यांनी सरकारी कचेरीत अर्धा दिवस घालवला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात परवान्याची सक्ती केली. त्यांच्या परवान्याशिवाय निघालेले जहाज ते जप्त करीत. या परवान्याला ते ‘कर्ताज’ म्हणत. हा शब्द कागद या अर्थाच्या अरबी ‘किर्तास’वरून आला असे मानले जाते. हजला जाणाऱ्या जहाजांनाही कर्ताज घ्यावा लागे. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा परवान्याच्या प्रश्नामुळे तिला सुरतेला बराच काळ अडकून पडावे लागले. मखदूमुल्मुल्क अब्दुल्लाह सुलतानपुरी यांनी तर असे मत दिले होते, की अशा परिस्थितीत हज फर्ज राहत नाही. समुद्रमार्गाने जायचे तर मरियम आणि ईसा यांची चित्रे असलेला फिरंग्यांचा परवाना घेण्याची मानहानी सोसावी लागते. ही नोंद बदायुनीने केली आहे. बदायुनीचा रोख त्यांची टर उडवण्याकडे आहे, हे खरे. पण मानहानीची ती भावना खोटी म्हणता येत नाही.

बरे, कर्ताज घेतला म्हणजे तरी भागत होते का? जहांगीरची आई मरियमुज्जमानी हिच्या मालकीचे ‘रहीमी’ हे मोठे जहाज १६१३ साली हजचे यात्रेकरू घेऊन परतत होते. जहाजावर परवाना होता. तरीही पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. त्यावरून मोगल दरबाराने पोर्तुगीजांशी उघड वैर पत्करले.

आम्हांला या दोन उदाहरणांतला फरक महत्त्वाचा वाटतो. काझीचे पत्र दोन बरोबरीच्या अधिकाऱ्यांमधला करार होता. आज तू माझा कागद मानशील, उद्या मी तुझा मानीन. कर्ताज हा बलवंताने दुबळ्याच्या हाती दिलेला कागद होता. देणाऱ्याच्या मनात आले की तो रद्दी होई. कागद दोन्हीकडे होता, शिक्काही दोन्हीकडे होता. एकीकडे एतबार होता, दुसरीकडे केवळ धाक होता.

आधुनिक काळात देशोदेशी राजदूत आणि वकिलाती आल्या, तसा परदेशी कागद मानण्याचा एक ठरलेला मार्ग तयार झाला. त्याचे तत्त्व साधे होते. परक्या देशाच्या वकिलातीला आमचे मुख्याध्यापक ठाऊक नाहीत, पण दिल्लीच्या परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना तिच्याकडे असतो. दिल्लीच्या अधिकाऱ्याला मुख्याध्यापक ठाऊक नाहीत, पण राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही तो ओळखतो. राज्याचा अधिकारी शिक्षण खात्यामार्फत शाळेपर्यंत पोहोचतो. अशी एक साखळी तयार झाली. प्रत्येक कडी फक्त आपल्या मागच्या कडीला ओळखते. शाळेचा कागद राज्याच्या शिक्षण खात्याकडे, जन्म-विवाहाचा कागद गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडे, तिथून दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाच्या पटियाला हाउसमध्ये, तिथून ज्या देशात जायचे त्याच्या वकिलातीत, आणि त्या देशात उतरल्यावर पुन्हा तिथल्या परराष्ट्र खात्यात. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामे निघाली आणि कोकणातली मुले हजारोंनी तिकडे गेली. तेव्हापासून ‘अटेस्टेशन’ हा शब्द आमच्या खेडोपाडी भाकरीइतका रुळला. शब्द रुळला, त्याबरोबर एजंट रुळले, घरातली सोन्याची बांगडी गहाण पडू लागली, आणि बनावट शिक्के करणारेही निघाले.

युरोपलाही ही साखळी जाचत होती. नेदरलँडचे कायदेपंडित टोबियास असर यांच्या पुढाकाराने १८९३ साली हेग शहरात एक परिषद भरली. निरनिराळ्या देशांच्या कायद्यांमुळे सामान्य माणसाच्या लग्न, वारसा, व्यापार यांत जे पेच पडतात ते सोडवावेत, हा तिचा हेतू होता. असर यांना १९११ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच हेग परिषदेने पुढे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक करार तयार केला. परदेशी सार्वजनिक दस्तऐवजांना वकिलातीच्या तसदीकची अट रद्द करणे, एवढाच त्याचा विषय. २४ जानेवारी १९६५ पासून तो लागू झाला. ‘ॲपोस्टिल’ म्हणतात तो हाच. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ समासात केलेली टीप.

ॲपोस्टिल म्हणजे एक चौकोनी प्रमाणपत्र. त्याची बाजू निदान नऊ सेंटिमीटर असावी असे करारातच लिहिले आहे. त्यात क्रमांक घातलेल्या दहा नोंदी असतात : देश कोणता, सही कोणाची, सही करणाऱ्याचे पद कोणते, मोहर कोणाची; मग ठिकाण, तारीख, ॲपोस्टिल देणारा अधिकारी, क्रमांक, शिक्का आणि सही. माथ्यावरचे शीर्षक मात्र सर्व देशांत फ्रेंचमध्येच असले पाहिजे, म्हणजे कोणत्याही भाषेच्या कारकुनाला ते पाहताक्षणी ओळखता यावे. देणाऱ्या कचेरीने त्याची नोंदवही ठेवायची. ज्याला शंका आली त्याने क्रमांक देऊन विचारायचे आणि कचेरीने उत्तर द्यायचे.

या करारातली सर्वांत शहाणपणाची अट आम्हांला वेगळीच वाटते. ॲपोस्टिलवर जी सही आहे, तिची पुन्हा तसदीक कोणी मागायची नाही. साखळीचा मूळ रोग असा, की प्रत्येक साक्षीदाराला दुसरा साक्षीदार लागतो आणि त्याला तिसरा. कुठे तरी थांबावे लागते. अबू यूसुफ यांनी एका ठिकाणी थांबायचे ठरवले, हेगकरांनी दुसऱ्या ठिकाणी. दोघांच्या मध्ये जवळजवळ बाराशे वर्षांचे अंतर आहे आणि एकाने दुसऱ्याचे वाचले होते असा आमचा दावा नाही. पण अडचण एकच असली, की शहाणी माणसे जवळपास येऊन थांबतात.

भारत या करारात यायला उशीर झाला. २६ ऑक्टोबर २००४ रोजी भारताने करार स्वीकारला आणि १४ जुलै २००५ पासून तो आपल्याकडे लागू झाला. तरी सगळे रस्ते लगेच मोकळे झाले नाहीत. करारात कलम असे आहे, की नव्याने येणाऱ्या देशाबद्दल जुना सदस्य सहा महिन्यांच्या आत हरकत घेऊ शकतो. मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. जर्मनीसह काही युरोपीय देशांनी भारताबाबत अशी हरकत घेतली. म्हणजे एकाच शाळेचा, एकाच सहीचा कागद फ्रान्समध्ये चालावा आणि जर्मनीत अडावा, असा प्रकार झाला. एतबार हा कागदाचा गुण नसून दोन सरकारांच्या संबंधाचा गुण आहे, हे यातून पुरते कळते.

आमच्या लोकांच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न आखाताचा होता. आमची मुले पॅरिसला थोडी, जेद्दाला फार. आखाती देश कराराबाहेर असल्याने २००५ नंतरही आमच्या घरांत जुनीच साखळी चालू राहिली. ओमानमध्ये हा करार २०१२ साली लागू झाला, बहारीनमध्ये २०१३ साली आणि सौदी अरेबियात ७ डिसेंबर २०२२ रोजी. सौदी आत आले तेव्हाही अमिरात, कतार आणि कुवेत बाहेरच होते. पाकिस्तान आणि चीन यांच्यासाठी करार २०२३ साली अमलात आला. आपल्याकडेही सुधारणा झाल्या : २०१७ साली ‘ई-सनद’ ही संगणकीय सोय निघाली, आणि २०१९ पासून परराष्ट्र मंत्रालयाचे हे काम दिल्लीबाहेर मुंबईसह काही शहरांत होऊ लागले. युरोपीय संघ तर आणखी पुढे गेला. १६ फेब्रुवारी २०१९ पासून त्याच्या सदस्य देशांमध्ये जन्म, विवाह, मृत्यू अशा अनेक दाखल्यांना आपापसांत ॲपोस्टिलही लागत नाही.

इतके सगळे झाल्यावर प्रश्न मिटला का? इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, आणि ती ध्यानात न घेतल्याने पुष्कळांचे नुकसान होते. ॲपोस्टिल कागदाच्या मजकुराची ग्वाही देत नाही. सही त्या अधिकाऱ्याची आहे, तो त्या पदावर होता, मोहर त्या कचेरीची आहे, एवढेच ते सांगते. आत लिहिलेले खरे की खोटे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. खोट्या नोंदीवर खरी सही असेल तर ॲपोस्टिल मिळते, आणि खऱ्या नोंदीत वेलांटीची चूक असेल तर ती चूकही मोहरबंद होऊन परदेशी जाते.

आमच्या समाजात ही चूक कुठे होते, ते आम्ही शिक्षकांनी रोज पाहावे असे आहे. मुलाचे नाव घरी उर्दूत, शाळेच्या जनरल रजिस्टरात कुठे उर्दूत, कुठे मराठीत, बोर्डाच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत, पासपोर्टवर इंग्रजीतच पण निराळ्या स्पेलिंगने, आणि इकाम्यावर अरबीत. मुहम्मद, मोहम्मद, महंमद, ‘मो.’, ‘मोहद’, एकच नाव, पाच रूपे. फातिमाची फातमा होते. वडिलांचे नाव कधी मधे येते, कधी गळते. आडनाव एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर गावावरून पडलेले. जन्मतारखेचे तर विचारू नये. पूर्वीच्या पिढीत मूल शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकायची, हा महाराष्ट्रभरचा रिवाज. हिंदू असो की मुसलमान, अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला! इथे त्यावर हसता येते. पण जन्मदाखल्यावर एक तारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी असली, तर दोन्हींना ॲपोस्टिल मिळूनही परक्या कचेरीतला माणूस विचारतो, यातला खरा तू कोणता? त्या प्रश्नापुढे मोहर काही बोलत नाही.

दाखल्याचे मोल इतरही ठिकाणी दिसते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली कामगाराने देश सोडण्यापूर्वी परवानगी घ्यायची की नाही, हे ठरवताना दहावी पास ही एक मोठी सवलत आहे. म्हणजे दहावीचा तो एक कागद विमानतळावर माणसाची रांग बदलतो. निकाहनाम्याची स्थिती याहून नाजूक. १८८० च्या काझी कायद्याने नेमलेल्या काझीला न्यायाचे किंवा प्रशासनाचे अधिकार दिलेले नाहीत. म्हणून निकाहनामा शरियतने पूर्ण असला तरी सरकारी साखळीत शिरण्यासाठी विवाहाची सरकारी नोंदणी लागते. महाराष्ट्रात तिच्यासाठी १९९८ चा कायदा आहे. नवरा परदेशी आणि बायको गावी, अशा घरात ही नोंदणी नसेल तर फॅमिली व्हिसा अडतो, आणि वाईट दिवस आले तर त्या बाईचा हक्कही अडतो. मेहराच्या रकमेची चर्चा आपण रात्रभर करतो. नोंदणीसाठी अर्धा दिवस काढत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जाणार आहे. निदान या मुलांचे नाव पहिल्याच दिवशी नीट लिहिले गेले पाहिजे.

इतिहासाचा हा सगळा प्रवास पाहिल्यावर आम्हांला एवढेच म्हणावेसे वाटते. कूफ्याच्या काझीचे पत्र असो की हेगचा चौकोनी कागद, दुसऱ्या टोकाला जे पोहोचते ते पहिल्या टोकाला जे लिहिले गेले तेच. मधल्या सगळ्या मोहरा फक्त एवढे सांगतात, की वाटेत काही बदललेले नाही. आमच्या शाळांत जून महिन्यात पहिलीची नावे रजिस्टरात चढतात. लिहिणारा घाईत असतो, बाप कामावर जायच्या गडबडीत असतो, आई नाव सांगते ते एका उच्चाराने आणि लिहिले जाते दुसऱ्याने. शाळा सुटल्यावर त्या नोंदीत बदल करणे किती अवघड, हे ज्यांनी खेटे घातले त्यांना विचारावे. म्हणून आईला समोर बसवून, जन्मदाखला हातात घेऊन, एकेक अक्षर विचारून ते नाव लिहिले पाहिजे, आणि लिहिल्यावर तिला वाचून दाखवले पाहिजे. काझी आपले पत्र साक्षीदारांना वाचून दाखवीत असे. शाळेच्या रजिस्टराला तेवढा मान द्यायला कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहावी लागत नाही.